वीस गुंठ्यांचा आलेख

ज्या वसई-आगाशीच्या बागायतीतील राजेळी केळ्यांची सुकेळी आजही कौतुकाने खाल्ली जातात, तेथील एखाद्या वाडीवाल्याच्या सातबाऱ्यावर, समजा, 20 गुंठे जमीन असली आणि विहिरीवरचा पंप आठवड्यात 36 तासांपलीकडे चालवण्याची तजवीज नसली, तर केळी किती नि मोगरा किती लावावा, हा प्रश्न वस्तुतः दोन रेषीय असमानतांचा होय. केळीला गुंठ्यामागे 3 तास व मोगऱ्याला 1 तास पाणी गृहीत धरून त्यांचे गुंठे अनुक्रमे क्ष व य मानले, की क्ष + य ≤ 20 आणि 3क्ष + य ≤ 36 अशी मांडणी होते. (विद्यार्थी अडतात ते बहुधा या मांडणीत, आलेखात नव्हे.) दोन्ही रेषा काढून आरंभबिंदू ताडून पाहावा, तो दोन्ही अटी पाळतो, सबब त्याच्याच बाजूचा भाग छायांकित करावा, आणि ऋण गुंठे संभवत नसल्याने पहिल्या चरणाबाहेर जाऊ नये. उरलेल्या चौकोनाचे शिरोबिंदू (0, 0), (12, 0), (8, 12) व (0, 20). गुंठ्यामागे केळीचा नफा मोगऱ्याहून अधिक, परंतु त्याच्या तिपटीहून कमी असेल, तर 8 गुंठे केळी व 12 गुंठे मोगरा हीच सर्वांत किफायतशीर वाटणी ठरते. अशा कोपऱ्याकोपऱ्याने उत्तराकडे जाण्याची रीत जॉर्ज डँट्झिग यांनी 1947 मध्ये मांडली.