आठवड्याला दोन दिवस येणारा मॅनेजर : 'फ्रॅक्शनल' सल्लागार म्हणजे कोण आणि त्याला पारखायचं कसं?

कल्याण : भातगिरणी, फॅब्रिकेशनचं वर्कशॉप, पापड-मसाल्याचा गृहउद्योग, भिवंडीकडचं छोटं गोदाम. अशा धंद्यात मालक स्वतःच खरेदी बघतो, कामगार बघतो, गाडी भरतो आणि रात्री वहीपण लिहितो. धंदा वाढला की हे एकट्याला झेपत नाही. चांगला मॅनेजर ठेवावा तर पगार परवडत नाही. याच अडचणीतून 'फ्रॅक्शनल ऑपरेशन्स कन्सल्टंट' हे नवं नाव ठाणे, डोंबिवलीकडे कानावर येऊ लागलंय.

नाव मोठं असलं तरी गोष्ट साधी आहे. दोन एकर भातासाठी कोणी ट्रॅक्टर विकत घेत नाही, तासावर बोलावतो. तसाच हा जाणकार माणूस तीन-चार धंद्यांत वाटून काम करतो. समजा पूर्णवेळ मॅनेजर महिन्याला ८० हजार मागतो. तोच माणूस आठवड्यातून दोन दिवस आला, तर खर्च त्याच्या साधारण तिसऱ्या हिश्श्यावर येऊ शकतो. नुसता सल्ला देऊन अहवाल हातात ठेवणारा वेगळा. हा ठरलेल्या दिवशी येऊन काम पुढे सरकलं का तेही बघतो.

तो नेमकं काय करतो?

एक हिशोब बघा. १२ कामगारांच्या वर्कशॉपमध्ये प्रत्येकाचा रोज अर्धा तास पाना, साचा किंवा माल शोधण्यात गेला, तर दिवसाचे ६ तास गेले. महिन्याच्या २६ दिवसांत १५६ तास. म्हणजे आठ तासांच्या साडेएकोणीस हजेऱ्या वाया, आणि मजुरी मात्र पूर्ण दिली. कामगार आळशी आहेत असं नाही, वस्तूला जागा ठरलेली नाही एवढंच.

जपानच्या टोयोटा कंपनीतले ताइइची ओनो यांनी अशा वाया जाण्याचे सात प्रकार सांगितले : गरजेपेक्षा जास्त उत्पादन, वाट बघणं, मालाची नको ती ने-आण, नको ती प्रक्रिया, पडून राहिलेला साठा, माणसाची फुकट हालचाल आणि खराब निघालेला माल. सल्लागार पहिले काही दिवस हेच शोधतो.

दुसरं काम उधारीचं. एमएसएमई कायदा २००६ प्रमाणे सूक्ष्म आणि लघु उद्योगाचं बिल लेखी करार नसेल तर १५ दिवसांत, करार असेल तरी जास्तीत जास्त ४५ दिवसांत चुकतं व्हायला पाहिजे. उशीर झाला तर बँक दराच्या तिप्पट व्याज लागतं. यासाठी उद्यम नोंदणी लागते, ती मोफत आहे. नोंदणी करून घेणं, बिलावर तारीख टाकणं, माल पोचल्याची सही जपून ठेवणं, ही कामं किरकोळ वाटतात, पण अडकलेला पैसा त्यावरच सुटतो.

ही माणसं येतात कुठून?

ठाण्याला या कामाची जुनी पार्श्वभूमी आहे. १ ऑगस्ट १९६२ ला वागळे इस्टेटमध्ये तेव्हाचे मुख्यमंत्री यशवंतराव चव्हाण यांच्या उपस्थितीत एमआयडीसीची सुरुवात झाली. त्यानंतर अंबरनाथ, डोंबिवली, बदलापूर, मुरबाड असे पट्टे उभे राहिले. पुढच्याच वर्षी, १९६३ मध्ये, पवईला औद्योगिक अभियांत्रिकी शिकवणारी 'नीटी' संस्था निघाली. २०२३ पासून तीच आयआयएम मुंबई म्हणून ओळखली जाते.

तरी नुसती पदवी बघून भुलू नका. मुंबईचे डबेवाले १८९० च्या सुमारापासून डब्यावरच्या खुणांच्या जोरावर लोकलमधून डबे पोचवतात. कामाची शिस्त कॉलेजातच शिकता येते असं नाही. सल्लागाराने शॉपफ्लोअरवर, स्टोअरमध्ये किंवा डिस्पॅचला स्वतः किती वर्षं काढली, हे आधी विचारा.

तत्त्वं कुठली असावीत?

पहिलं, बोलण्याआधी बघणं. पहिल्याच दिवशी 'दोन माणसं कमी करा' म्हणणारा कामाचा नाही. गावपाड्यावरून येणाऱ्या कामगाराला नवा माणूस दिसला की नोकरीची धास्ती वाटते, मग तो खरी अडचण सांगतच नाही.

दुसरं, गुपित राखणं. तो तीन-चार मालकांकडे जातो. तुमचा दर, तुमचं गिऱ्हाईक दुसरीकडे बोलता कामा नये. हे करारात लिहून घ्या.

तिसरं, कमिशन नाही. मशीन किंवा सॉफ्टवेअर विकणाऱ्याकडून पैसे घेणारा सल्लागार तुमचा राहत नाही.

चौथं, उत्पादनाआधी सुरक्षा. २६ मे २०१६ आणि २३ मे २०२४ चे डोंबिवली एमआयडीसीतले स्फोट जिल्हा विसरलेला नाही. वेग वाढवायला मशीनचं गार्ड काढा, रसायनाचा साठा दाटीत ठेवा, असं सांगणाऱ्याला तिथेच थांबवा. सल्लागार ठेवला म्हणून मालकाची जबाबदारी संपत नाही.

पाचवं, काम शिकवून निघून जाणं. वर्षभराने त्याच्यावाचून अडलं, तर त्याने काम नीट केलं नाही असंच धरावं.

शेतकरी कंपन्यांनी हे ध्यानात ठेवा

शेतकरी उत्पादक कंपनीला कायद्याने पूर्णवेळ मुख्य कार्यकारी अधिकारी लागतो, आणि तो सभासदांपैकी चालत नाही. त्यामुळे दोन दिवस येणारा सल्लागार सीईओच्या जागी बसवता येणार नाही, मदतीला घेता येईल. केंद्राच्या २०२० च्या १० हजार एफपीओ योजनेत सीईओच्या पगारासाठी महिन्याला २५ हजारांपर्यंत तरतूद आहे. एवढ्यात अनुभवी माणूस मिळणं कठीण. म्हणून गावातला होतकरू पोरगा पूर्णवेळ ठेवून, त्याला शिकवायला दोन-तीन कंपन्यांनी मिळून एक जाणकार बोलावणं, हा मार्ग कायद्यातही बसतो.

ठरवताना काय लिहून घ्यावं?

सुरुवात तीन महिन्यांवर करा. येण्याचे वार, फी, आणि मोजता येईल असं एक-दोनच उद्दिष्ट ठरवा : थकलेली उधारी किती कमी, खराब माल किती कमी. आजचा आकडा आधी वहीत लिहून ठेवा, नाहीतर तीन महिन्यांनी फरक कशाशी ताडणार? तो पूर्वी जिथे काम करत होता, त्या दोन मालकांना भेटा. आणि बँकेच्या चेकवरची सही मात्र स्वतःकडेच ठेवा.