वापरलेला गेमिंग लॅपटॉप: कंपनी बदलताना नेमकं काय बघायचं?

आज आपण आरे कॉलनीत जमलोय, तेव्हा इथल्या मुलांचाच प्रश्न विषय म्हणून घेतलाय. जुन्या लॅपटॉपवर गेम अडकतो, त्या कंपनीवरचा विश्वास उडालाय, नवा घ्यायला पैसे नाहीत. मग दुसऱ्या कंपनीचा वापरलेला घेऊन त्यात हळूहळू सुधारणा करावी का? आमचं उत्तर आहे, जरूर करावी. पण कंपनीचं नाव शेवटी बघा. आधी बघायचं ते हे, की त्या मशीनमधलं काय नंतर बदलता येतं आणि काय कधीच बदलता येत नाही.

आम्हीही एकदा रागाच्या भरात कंपनी बदलली. लॅपटॉपची बिजागरी तुटली होती, म्हटलं, आता या कंपनीचं नाव नको. दुसरा घेतला तो ग्राफिक्स कार्डाचं नाव वाचून. घरी आल्यावर कळलं, तेच कार्ड मित्राच्या मशीनमध्ये जास्त पळतंय! चूक आमचीच. आम्ही वॉट विचारलेच नव्हते.

ते वॉट म्हणजे काय, ते समजून घेऊ. एनव्हिडियाचं आरटीएक्स ३०६० हे लॅपटॉपमधलं कार्ड ६० वॉटपासून ११५ वॉटपर्यंत मिळतं. नाव एकच, पण ताकद वेगळी. मशीन सडपातळ असेल तर उष्णता बाहेर टाकायला जागा कमी, म्हणून तिथे बहुधा वॉट कमी ठेवतात. हा आकडा एनव्हिडिया कंट्रोल पॅनेलच्या सिस्टीम इन्फर्मेशनमध्ये दिसतो. दुकानातच उघडून बघा. आजच्या बहुतेक गेमिंग लॅपटॉपमध्ये प्रोसेसर आणि ग्राफिक्स चिप बोर्डावर डाग देऊन बसवलेले असतात. कार्डाची मेमरीही तशीच. ३०६० ला ६ जीबी, ३०७० ला ८ जीबी. नंतर वाढवता येत नाही. म्हणून पैसे इथे घाला.

आता बदलता येणाऱ्या गोष्टी: एसएसडी, बॅटरी, पंखा, थर्मल पेस्ट आणि बऱ्याचदा रॅम. 'बऱ्याचदा' म्हणतो, कारण एकाच कंपनीच्या दोन मॉडेलांतही फरक असतो. असूसच्या टफ ए१५ च्या मॉडेलांत रॅमचे दोन स्लॉट मिळतात, तर त्याच कंपनीच्या २०२० च्या झेफिरस जी१४ मध्ये काही रॅम बोर्डावर पक्की आणि स्लॉट एकच. म्हणून कंपनी नको, पूर्ण मॉडेल नंबर बघा.

जुन्या लॅपटॉपमधली रॅम नव्यात चालेल का? दोन्हीकडे डीडीआर४ असेल तर बहुधा चालेल. डीडीआर५ च्या स्लॉटमध्ये डीडीआर४ बसतच नाही. एसएसडीही नेता येते, पण बिटलॉकर चालू असेल तर रिकव्हरी की आधी लिहून ठेवा. आणि 'रॅम काय, नंतर टाकू' असं म्हणू नका. २०२५ च्या शेवटी एआयच्या डेटा सेंटरांच्या मागणीमुळे रॅमचे भाव कडाडले. स्लॉट भरलेलं मशीन थोडं महाग असलं तरी हिशेब करून बघा.

खरेदीला लॅमिंग्टन रोड आहेच. ऑक्टोबर २०२५ पासून मेट्रो ३ आरेहून थेट ग्रँट रोडला जाते, तेव्हा घाई कशाला? दुकानात अर्धा तास काढा. चार्जर लावून गेम चालवा आणि तापमान बघा. सुरुवातीला छान पळून दहा मिनिटांनी फ्रेम कोसळत असतील तर पेस्ट वाळली असेल किंवा पंख्यात धूळ असेल. चार्जरवरचे वॉट वाचा. कमी वॉटच्या चार्जरवर मशीन पूर्ण जोर लावत नाही. बॅटरी रिपोर्टमध्ये मूळ क्षमता आणि आजची क्षमता शेजारी शेजारी दिसते. पोर्ट आणि स्क्रू नीट बघा. हिरवट-पांढरा थर असेल तर ओल आत शिरलेली असू शकते. आपल्या पावसाळ्यात हे विसरून चालणार नाही.

शेवटी कागद. सीरियल नंबर लिहिलेलं बिल घ्या आणि तोच नंबर कंपनीच्या साइटवर टाकून वॉरंटी तपासा. बायोसला पासवर्ड असेल किंवा एखाद्या ऑफिसचं लॉक असेल तर तिथेच सोडा. चोरीचा माल आहे हे माहीत असून, किंवा तसं समजायला कारण असून घेतला, तर भारतीय न्याय संहितेच्या कलम ३१७ खाली घेणाराही गुन्हेगार ठरतो. विंडोज १० चा नेहमीचा सपोर्ट १४ ऑक्टोबर २०२५ ला संपलाय, म्हणून मशीन विंडोज ११ ला चालतं ना, तेही विचारा. इंटेल असेल तर साधारण आठव्या पिढीपासून पुढचा हवा.

घरात लॅपटॉपसाठी पैसे एकदाच निघतात. त्याच मशीनवर अभ्यास, त्याच्यावरच गेम. ते पैसे न बदलणाऱ्या भागांवर खर्च करा, बाकीचं सवडीनं बदलता येईल. आणि ज्या कंपनीवर राग आहे, तिचंच एखादं मॉडेल या कसोटीला उतरलं, तर राग बाजूला ठेवायलाही हरकत नाही. आता तुमचे प्रश्न घेऊ.