टॅग वाचला जात नाही, तेव्हा बिघाड कुणाचा?



महामार्गाच्या नाक्यावर गाडी उभी राहते, दांडा वर जात नाही आणि मागून हॉर्न सुरू होतात. नाक्यावरचा माणूस म्हणतो, "तुमचा टॅगच खराब आहे, रोख काढा." ड्रायव्हर बिचारा खिशात हात घालतो. खराब टॅग होता की त्यांचे यंत्र, हे विचारायचे कुणाला सुचत नाही. फेब्रुवारी २०२१ पासून राष्ट्रीय महामार्गावर फास्टॅग सक्तीचा झाला आहे, तेव्हा हे समजून घेतलेले बरे.

काचेवरच्या टॅगमध्ये बॅटरी नसते. एक बारीक चिप आणि धातूची पातळ पट्टी, एवढेच. वर लावलेले रीडर ८६५ ते ८६७ मेगाहर्ट्झच्या रेडिओ लहरी सोडते. त्या लहरींच्या जोरावरच चिप जागी होते व आपला नंबर परत कळवते. काचेवर ओला चिखल असला, टॅग सोलून पुन्हा चिकटवलेला असला, तर दोष आपला. पण अँटेनाच्या वायरीचा जोड सैल झाला किंवा त्यात पावसाचे पाणी शिरले, की लहरी बाहेर न पडता यंत्राकडेच माघारी येतात. चांगले रीडर ही माघारी आलेली शक्ती मोजते आणि ती फार वाढली की स्वतः जळू नये म्हणून लहरी बंद करून बिघाड दाखवते.

दोष कुणाचा हे ओळखण्याची एक साधी युक्ती आहे. अँटेनासमोर एक टॅग कायमचा बसवून ठेवायचा. तो दिसेनासा झाला की गाडीवाल्याला बोल लावण्यात अर्थ नाही, यंत्रच बिघडले. रात्री विहिरीवरच्या मोटारीचा आवाज थांबला की आपण लगेच उठतो ना, तसेच हे.

यंत्रातला प्रोग्रॅम मध्येच अडकला तर? त्यासाठी आत एक पहारेकरी घड्याळ असते. प्रोग्रॅमने ठरावीक वेळाने त्याला "मी जागा आहे" असे कळवायचे. हाक आली नाही तर हे घड्याळ यंत्र नव्याने सुरू करते. यालाही रिकव्हरीच म्हणतात. साखर उताऱ्याशी त्याचा संबंध नाही, गैरसमज नसावा! लाइन गेली तर नोंदी वेळेसह यंत्रातच साठतात व लाइन आल्यावर पुढे जातात, म्हणून पैसे कापल्याचा मेसेज कधी कधी उशिरा येतो. मात्र तुटलेली वायर आपोआप जुळत नाही. तिथे माणूसच चढवावा लागतो.

ज्या कारखान्यांनी ऊस वाहनांना टॅग लावले आहेत, तेथे काट्यावर हीच यंत्रणा असते. फरक एवढाच, की तिथे नंबराबरोबर सभासदाचे नाव जोडलेले असते. गाडी रांगेत अडकली की ऊस वाळतो, वजन घटते; आणि घाईघाईत वजन भलत्याच नावावर पडले तर निस्तरता निस्तरता महिना जातो. रीडर बंद असेल तेव्हा गाडी नंबर हाताने लिहून घ्यायला लावावा आणि पावतीवरचे नाव काटा सोडण्यापूर्वीच वाचावे.

आता नाक्याचे. ७ मे २०१८ च्या केंद्राच्या अधिसूचनेप्रमाणे टॅग चालू असून खात्यात पुरेशी शिल्लक असेल आणि बिघाड नाक्याच्या यंत्रणेत असेल, तर पैसे न घेता गाडी सोडायची व शून्य रकमेची पावती द्यायची, असा नियम आहे. कन्नड, छत्रपती संभाजीनगर, पाचोड असा जाणारा आपला ५२ क्रमांकाचा रस्ता राष्ट्रीय महामार्गच आहे. ती पावती मागून घ्यावी. वाद झाल्यास १०३३ वर फोन करावा. शिल्लक मात्र घरून निघतानाच पाहावी; शिल्लक नसेल तर हा नियम तुमच्या उपयोगाचा नाही.