तंबाखूची पारख कोणाच्या नाकाने?

काष्टीच्या बाजारात बैल घेताना आपण आधी दात बघतो, मग पाय बघतो आणि चार पावले चालवूनही घेतो. बिडीच्या तंबाखूची पारखही अशीच, हाताने आणि नाकाने. आपल्या नगर जिल्ह्यात बायका पिढ्यान्‌पिढ्या बिड्या वळत आल्या; आत भरायची तंबाखू मात्र निपाणी आणि गुजरातेतल्या चरोतर भागात पिकते.

शेतात पान पिकले की त्यावर तांबूस ठिपके उठतात. असे ठिपके भरलेले, जाड अंगाचे पान कडक निघते. वाळलेला चुरा मुठीत दाबून सोडावा. गोळा तसाच राहिला तर ओल जास्त, पीठ झाले तर फार सुकली. कुबट वास काही केल्या लपत नाही. तळहातावर पसरली की काडी आणि माती किती तेही कळते. ओढून चव बघा असे मात्र आम्ही सांगणार नाही. तो धूर छातीला वाईटच.

एवढे सगळे पिकवणाऱ्याला ठाऊक असते, तरी भाव ठरतो तो घेणाऱ्याच्या नाकाने. चिमूट हुंगून त्याने ‘हलका माल’ म्हटले की वर्षाची मेहनत मातीमोल. रास्त भावासाठी मार्च १९८१ मध्ये निपाणीचे शेतकरी शरद जोशींच्या नेतृत्वाखाली पुणे-बंगळूर महामार्गावर ठाण मांडून बसले. ६ एप्रिलला पोलिसांनी गोळीबार केला. त्यात शेतकऱ्यांचे जीव गेले.