फवारणी-मळणीतील अपघात: नुकसानभरपाईचा दावा पहिल्या दिवसापासून कसा जपाल?

कपाशी डोक्याएवढी झाली की फवाऱ्याचे तुषार तोंडावर येतात. सोयाबीन काढणीला आले की मळणीयंत्र रात्री उशिरापर्यंत चालते आणि यंत्रावर उभा असलेला माणूस सकाळपासून उभा असतो. बहुतेक अपघात याच दिवसांत होतात. २०१७ च्या खरिपात यवतमाळ जिल्ह्यात फवारणीच्या विषबाधेने वीसच्या आसपास माणसे गेली, तेव्हा राज्यभर चर्चा झाली. एरवी एकेकटा अपघात गावाच्या वेशीबाहेर जात नाही.

हातमोजे, मास्क आणि वाऱ्याची दिशा यांवर आपण पूर्वी लिहिले आहे. हा लेख अपघात घडून गेल्यानंतरचा आहे. गेली अनेक वर्षे शेतकऱ्यांबरोबर काम करताना मी एक गोष्ट पुन्हा पुन्हा पाहिली. दावा नाकारला जातो तो माणूस अपात्र असतो म्हणून क्वचितच. पहिल्या दोन दिवसांत कागदावर जे लिहिले गेले किंवा लिहायचे राहिले, त्यावर तो अडतो.

‘विषप्राशन’ की ‘फवारणीतून विषबाधा’?

एक ताई नवरा गेल्यानंतर पंचविसाव्या दिवशी कागदांची पिशवी घेऊन आमच्याकडे आल्या. नवरा दुपारी कपाशीवर फवारणी करत होता. मळमळ झाली, घाम सुटला, संध्याकाळी दवाखान्यात नेले आणि दुसऱ्या दिवशी तो गेला. केसपेपरवर पहिल्या ओळीत एवढेच होते: ‘अज्ञात विषप्राशन’. रुग्णाला आणणाऱ्या पुतण्याने घाईत फक्त “औषध झालंय” असे सांगितले होते. पुढचे प्रत्येक कागद त्याच ओळीवरून तयार झाले. शेतकरी कुटुंब, कर्ज, विष, म्हणजे आत्महत्या, असा अर्थ लावायला कोणाला वेळ लागत नाही. आणि आत्महत्या अपघाताच्या योजनेत बसत नाही.

शेवटी कीटकनाशकाचे बिल, अर्धे फवारलेले वावर आणि शेजारच्या धुऱ्यावर काम करणाऱ्या दोघांचे जबाब यांवर फेरतपास झाला. पण त्यासाठी त्यांना वर्षभर खेटे घालावे लागले. पुतण्याने “शेतात फवारणी करता करता चक्कर आली” असे एक वाक्य सांगितले असते, तर हे टळले असते.

म्हणून रुग्णाला नेणाऱ्याने डॉक्टरांना चार गोष्टी स्पष्ट सांगाव्यात: फवारणी चालू होती, किती वाजल्यापासून चालू होती, कोणते औषध होते आणि त्रास कधी सुरू झाला. औषधाचा डबा लेबलासकट सोबत न्या. लेबलावर घटक आणि उतारा दोन्ही छापलेले असतात, त्यामुळे उपचारालाही तो लागतो आणि दाव्यालाही. कातडीतून किंवा श्वासातून शिरलेले विष आणि प्यायलेले विष यांतला फरक डॉक्टर पाहू शकतात, पण त्यासाठी त्यांना आधी माहिती हवी. सोबतच्या शिकल्या-सवरल्या माणसाने केसपेपरवर काय लिहिले आहे ते तिथेच वाचावे. चूक असेल तर त्याच वेळी नम्रपणे सांगावे. दोन महिन्यांनी दुरुस्ती करायला कोणी धजत नाही.

विषबाधेची, यंत्राची किंवा विजेच्या धक्क्याची केस सरकारी दवाखान्यात एमएलसी म्हणून नोंदवली जाते आणि पोलिसांना कळवली जाते. खासगी दवाखान्यात गेलात तर ‘एमएलसी केली का?’ हे विचारा. “पोलिसांची भानगड नको” म्हणून नातेवाईकच नको म्हणतात, ही आपल्याकडची मोठी चूक आहे. पोलीस कागद नसेल तर अपघात घडल्याचा पुरावाच उरत नाही.

शेतातल्या वस्तू दोन-तीन दिवस तशाच राहू द्या. पंप, रिकामी पाकिटे आणि अंगावरचे कपडे हातमोजे घालून पिशवीत बांधून बाजूला ठेवा, मुलांच्या हाती लागू देऊ नका. यंत्राचा अपघात असेल तर मळणीयंत्र किंवा कडबाकुट्टी जागेवरून हलवण्यापूर्वी मोबाइलवर फोटो काढा.

मृत्यू झाला तर शवविच्छेदन टाळू नका. साप चावून गेलेल्या माणसाचे शवविच्छेदन करायला घरचे तयार नसतात. त्यांचे दुःख समजते. तरीही घरातल्या ज्येष्ठाने धीर करून होकार द्यावा, कारण सर्पदंशाने मृत्यू झाल्याचे नंतर सिद्ध करणे फार कठीण जाते.

शासनाच्या योजनेतून काय मिळते?

महाराष्ट्रात यासाठी गोपीनाथ मुंडे शेतकरी अपघात सुरक्षा सानुग्रह अनुदान योजना आहे. पूर्वी ही विमा योजना होती आणि दावे विमा कंपनीकडे जात. एप्रिल २०२३ च्या शासन निर्णयाने कंपनी मधून गेली आणि मदत थेट शासनाकडून मिळू लागली. मृत्यू झाल्यास २ लाख रुपये मिळतात. दोन डोळे, दोन अवयव किंवा एक डोळा आणि एक अवयव निकामी झाल्यासही २ लाख आणि एक डोळा किंवा एक अवयव निकामी झाल्यास १ लाख रुपये.

वयाची अट १० ते ७५ वर्षे. सातबाऱ्यावर नाव असलेला वहितीधारक शेतकरी आणि खातेदार म्हणून नोंद नसलेला त्याच्या कुटुंबातला एक सदस्य पात्र असतो. हा सदस्य म्हणजे आई-वडील, पती किंवा पत्नी, मुलगा, अविवाहित मुलगी यांपैकी कोणी एक. जमीन सासऱ्यांच्या नावावर आणि शेतात राबणारी सून, अशी परिस्थिती घरोघरी दिसते. त्या सुनेला ही यादी आधार देत नाही. म्हणून वारसनोंदी आणि वाटणीपत्रांची कामे ‘बघू पुढच्या वर्षी’ म्हणून ठेवू नका.

रस्ता किंवा रेल्वे अपघात, बुडणे, कीटकनाशके हाताळताना झालेली विषबाधा, विजेचा धक्का, वीज पडणे, उंचावरून पडणे, सर्पदंश, विंचूदंश, जनावराचा हल्ला आणि बाळंतपणातील मृत्यू हे सर्व योजनेत येते. नैसर्गिक मृत्यू, आत्महत्येचा प्रयत्न, अमली पदार्थाच्या अमलाखाली झालेला अपघात आणि आधीपासूनचे अपंगत्व येत नाही.

‘अवयव’ म्हणजे साधारणपणे हात किंवा पाय. कडबाकुट्टीत दोन बोटे गेली तर या योजनेतून मदत मिळण्याची आशा कमी असते. हे मला योग्य वाटत नाही, कारण उजव्या हाताचा अंगठा गेलेला माणूस विळा धरू शकत नाही. पण नियम आज तसा आहे. असा माणूस मजूर असेल, तर त्याच्यासाठी दुसरा रस्ता आहे, तो पुढे सांगतो.

तीस दिवसांचे गणित

अर्ज घटनेपासून ३० दिवसांच्या आत तालुका कृषी अधिकाऱ्यांकडे पोहोचायला हवा. घरात तेरावा होईपर्यंत निम्मे दिवस जातात. त्यामुळे भाऊबंदांपैकी एकाने सुरुवातीपासून फक्त कागदांचेच काम अंगावर घ्यावे.

अर्जासोबत सातबारा, मृत्यूचा दाखला, वयाचा पुरावा, तलाठ्याकडील गाव नमुना सहा-क नुसार वारसाची नोंद, प्रथम माहिती अहवाल, घटनास्थळ पंचनामा किंवा पोलीस पाटलांचा अहवाल आणि अपघाताच्या प्रकाराप्रमाणे लागणारी दवाखान्याची कागदपत्रे द्यायची असतात. सहा-कची नोंद सर्वांत जास्त रेंगाळते, म्हणून तिच्यापासून सुरुवात करा.

सगळे कागद जमल्यावरच अर्ज करू, असे म्हणत बसू नका. रासायनिक पृथक्करणाच्या अहवालाला महिने लागतात. हात गेलेल्या माणसाला कायम अपंगत्वाचे प्रमाणपत्र उपचार संपल्यावरच मिळते. हाती आहे तेवढ्यावर मुदतीत अर्ज द्या, उरलेल्या कागदांची मागणी केल्याच्या अर्जाची प्रत जोडा आणि शिक्का व तारीख असलेली पोच घ्या. अर्ज कागदावर असो वा ऑनलाइन, पोच नसेल तर अर्ज केलाच नाही असे धरले जाते.

त्यानंतर महसूल, पोलीस आणि कृषी अधिकाऱ्यांचे पथक घटनास्थळी येऊन आठ दिवसांत अहवाल देणे अपेक्षित असते आणि तहसीलदारांच्या अध्यक्षतेखालील समिती निर्णय घेते. पथक येईल त्या दिवशी घरच्यांबरोबर घटना पाहिलेला माणूसही हजर ठेवा. नामंजुरी झाली तर कारण लेखी मागा. तोंडी “बसत नाही” यावर घरी परतू नका.

याच अपघातासाठी शासनाच्या दुसऱ्या विभागाकडून मदत घेतली असेल तर ती अर्जात लपवू नका, त्यावरून पात्रता ठरते. बिबट्या, वाघ किंवा रानडुकराच्या हल्ल्यातील मृत्यूसाठी वन विभागाची मदत २५ लाख रुपयांची आहे, तेव्हा अशा प्रसंगी आधी वन अधिकाऱ्यांना कळवा. विजेच्या तारेचा अपघात असेल तर महावितरणला लेखी कळवा आणि विद्युत निरीक्षकांच्या अहवालाची प्रत मागा.

प्रधानमंत्री सुरक्षा विमा योजना मात्र वेगळी आहे. तिचा हप्ता तुमच्या बँक खात्यातून वर्षाला २० रुपये कापला जातो. वय १८ ते ७० असेल तर अपघाती मृत्यूला २ लाख रुपये मिळतात. कित्येक घरांना हप्ता कापला जात होता हेच माहीत नसते. पासबुकात मे-जूनमधली नोंद शोधा.

जमीन नसलेल्या मजुराचे काय?

वरची योजना सातबाऱ्याशी बांधलेली आहे. तुमच्या शेतात रोजाने फवारणी करणारा किंवा मळणीयंत्रात पेंढ्या घालणारा भूमिहीन मजूर तिच्यात येत नाही. त्याच्यासाठी १९२३ चा कर्मचारी नुकसानभरपाई कायदा आहे, ज्याच्या तरतुदी आता सामाजिक सुरक्षा संहितेत घेतल्या आहेत. या कायद्याच्या परिशिष्टात शेतीत कीटकनाशकांची फवारणी व धुरळणी करणारे, यांत्रिक काढणी-मळणीवरचे आणि ट्रॅक्टर किंवा विजेवर चालणाऱ्या साधनांवर काम करणारे कामगार स्पष्टपणे नमूद आहेत. हे शेतमालकांपैकी फार थोड्यांना ठाऊक असते आणि मजुरांपैकी जवळजवळ कोणालाच नाही.

रक्कम कशी निघते ते पाहा. पस्तीस वर्षांच्या मजुराचा अंगठा मळणीयंत्रात गेला. महिन्याची मजुरी १०,००० रुपये धरू. पूर्ण अपंगत्वासाठी मजुरीच्या ६० टक्के, म्हणजे ६,००० रुपये, गुणिले त्या वयाचा गुणक १९७.०६. हे ११,८२,३६० रुपये झाले. अंगठा गेल्यास कमाईची क्षमता ३० टक्के घटली असे परिशिष्ट मानते. म्हणजे ३,५४,७०८ रुपये. पूर्ण पंजा गेला तर हेच प्रमाण ६० टक्के धरतात. उपचाराचा खर्च वेगळा. रक्कम देय झाल्यापासून महिन्याच्या आत दिली नाही तर वर्षाला १२ टक्के व्याजही लागते.

ही जबाबदारी कामावर ठेवणाऱ्यावर असते, म्हणजे बहुतेक वेळा तुमच्यावर किंवा यंत्रमालकावर. पाच एकरवाल्याला साडेतीन लाख कुठून येणार, हा प्रश्न खरा आहे. तो अंगठा गेलेल्या माणसाच्या प्रश्नापेक्षा मोठा आहे असे मात्र मला म्हणवत नाही. मजुरांसाठीची नुकसानभरपाई पॉलिसी सर्वसाधारण विमा कंपन्या देतात. भाड्याने यंत्र आणताना यंत्रमालकाकडे ती आहे का, हे दर ठरवतानाच विचारा.

गावात बहुधा बैठक बसते, वीस-पंचवीस हजार दिले जातात आणि स्टॅम्पपेपरवर ‘पुढे काही मागणी नाही’ असे लिहून अंगठा घेतला जातो. हक्क सोडून देण्याचा असा करार कायद्यापुढे टिकत नाही. मृत्यूच्या प्रकरणात भरपाई आयुक्तांकडे जमा करायची असते. परस्पर घरच्यांच्या हातात दिलेली रक्कम भरपाई म्हणून धरली जात नाही, फक्त तीन महिन्यांच्या मजुरीपर्यंतची उचल वजा होऊ शकते. म्हणजे त्या स्टॅम्पपेपरने मालकाचीही सुटका होत नाही. मजुराने दावा दोन वर्षांच्या आत करावा. पैसे नसतील तर तालुका विधी सेवा समितीकडे मोफत वकील मागता येतो.

मजुरीचा हिशेब वहीत तारखेनिशी लिहायची सवय दोघांच्याही कामाची आहे. त्या दिवशी तो माणूस तुमच्याकडे कामाला होता की नव्हता, यावर निम्मे दावे अडतात.

कृषी सहायक मित्रांना एक विनंती. अपघाताची बातमी कळल्यावर शक्य तर त्याच दिवशी शेतात जा. पीक कोणते, उंची किती, फवारणी कुठपर्यंत झाली होती, डब्यावर कोणता घटक होता, वारा कसा होता आणि सोबत कोण होते, हे अर्ध्या पानावर लिहा आणि तारीख टाकून सही करा. पावसाची एक सर येऊन गेली की यातले काहीही शिल्लक राहत नाही.