सोप्या शब्दांचा कोश

परभाषेतील कादंबरी वाचताना अडलेला शब्द कोशात पाहावा, वहीत टिपावा आणि पुढे जावे, ही शब्दसंग्रह वाढवण्याची आपल्याकडची जुनी रीत आहे. पाठ्यपुस्तकातल्या धड्याखालचे ‘शब्दार्थ’ही त्याच रीतीने दिलेले असतात: अवघड शब्द डावीकडे, सोपा अर्थ उजवीकडे. नाझी राजवटीतील ज्यूंच्या संहारावरील कादंबऱ्या वाचताना मात्र ही रीत अपुरी पडते. त्यांत कोशात पाहावे लागणारे शब्द थोडेच असतात. वाचकाची खरी परीक्षा छावणी, यादी, निवड, गाडी, आंघोळ या शब्दांपाशी होते. हे शब्द सर्वांना येतात. पण त्यांचा त्या काळातला अर्थ कोशात सापडत नाही. म्हणून अशा कादंबरीतून शब्द शिकायचे म्हणजे नेमके काय शिकायचे, याचा विचार येथे करायचा आहे.

त्यासाठी मार्कस झुसाक या ऑस्ट्रेलियन लेखकाची ‘द बुक थीफ’ (२००५) ही कादंबरी सोयीची आहे, कारण शब्द शिकणे हाच तिचा विषय आहे. म्युनिकजवळच्या मोल्किंग या काल्पनिक गावात लिझेल ही मुलगी दत्तक म्हणून येते. भावाच्या दफनाच्या वेळी तिने उचललेले पहिले पुस्तक असते कबरी खणणाऱ्यांसाठीची मार्गदर्शिका. तिला वाचता येत नाही. तिचा मानलेला बाप हान्स हा रंगारी. तो रात्री जागून तिला अक्षरे शिकवतो आणि पुढे तळघराच्या भिंतीवर ती दोघे रंगाने शब्द लिहितात. ती भिंत हाच लिझेलचा पहिला शब्दकोश.

पुढे महापौरांची पत्नी तिला खराखुरा ड्युडेन कोश देते. कादंबरीच्या एका भागात त्यातल्या नोंदी मधूनमधून येतात: समाधान, क्षमा, भीती, शब्द, मौन. नोंद कोरडी असते आणि तिच्या भोवतीच्या प्रसंगात त्या अर्थाची कसोटी लागते. याच भागात ज्यू कैद्यांना गावातून डाखाऊकडे चालवत नेतात. हान्स एका म्हाताऱ्या कैद्याला पावाचा तुकडा देतो आणि चाबकाचे फटके खातो. बाकीचा रस्ता नुसता पाहत असतो. ‘मौन’ म्हणजे ‘न बोलणे’ एवढेच सांगणारा कोश या रस्त्यावर कमी पडतो.

हीच गोष्ट शिव्यांची. लिझेलची मानलेली आई रोझा तिला सतत ‘झाउमेन्श’ म्हणते. शब्दशः त्यात डुकरीण आहे. कोशाच्या आधारे वाचणाऱ्याला ती बाई दुष्ट वाटेल. पण ‘मेल्या’, ‘कार्ट्या’, ‘भवाने’ ऐकत वाढलेल्या मराठी वाचकाला दहा-वीस पानांतच उमगते की, या शिवीत माया आहे. येथे शब्दाचा अर्थ वापरणाऱ्याच्या वागण्यातून कळतो. हे कुटुंब राहते त्या रस्त्याचे नाव हिमेल, म्हणजे स्वर्ग. त्या नावातला उपरोध कादंबरी संपेपर्यंत पुरता उलगडत नाही.

आता ‘कॅम्प’ हा शब्द घेऊ. नाशिकच्या वाचकाला तो परका नाही. देवळाली कॅम्प हे आपल्या शेजारच्या वस्तीचे नाव आहे. ‘कॅम्पात जाऊन येतो’ म्हणताना कोणाच्या मनात कैद किंवा मरण येत नाही. या छावणीने इंग्रजीलाही एक शब्द दिला. मायदेशी जाणाऱ्या जहाजाची वाट पाहत देवळालीत अडकून पडलेल्या गोऱ्या शिपायांमुळे ‘डुलॅली’ म्हणजे डोके फिरलेला, असा अर्थ रूढ झाला. दुसऱ्या महायुद्धात, १९४१ मध्ये, ब्रिटिशांनी शत्रूदेशाचे नागरिक म्हणून पकडलेले जर्मन आणि ऑस्ट्रियन लोक काही महिने देवळालीत स्थानबद्ध होते. पुढे तिबेटवरील पुस्तकामुळे प्रसिद्ध झालेला गिर्यारोहक हाइनरिश हारर त्यांत होता. तिकडे कोल्हापूरजवळच्या वळिवडे येथे १९४३ पासून सुमारे पाच हजार पोलिश निर्वासितांना आसरा मिळाला. ती वसाहतही छावणीच. सैनिकांचा तळ, स्थानबद्धांचे कुंपण आणि निर्वासितांचा आसरा, असे तीन अर्थ या एका शब्दाने महाराष्ट्रात पाहिले आहेत.

जर्मन ‘लागर’ या शब्दाचेही असेच आहे. गोदाम, तळ, मुक्काम हे त्याचे रोजचे अर्थ. डाखाऊची छळछावणी मार्च १९३३ मध्ये, म्हणजे हिटलर सत्तेवर आल्यावर दोन महिन्यांच्या आत सुरू झाली आणि हा रोजचा शब्द दहशतीचा झाला. मराठीने त्यासाठी ‘छळछावणी’ हा शब्द घडवला. मूळ जर्मन शब्दात ‘एकत्र आणणे’ एवढाच निरुपद्रवी भाव आहे. मराठीने त्यात ‘छळ’ घालून झाकलेली गोष्ट उघडी केली. या बाबतीत मराठी शब्द मूळ शब्दापेक्षा प्रामाणिक आहे.

पण तोही सगळीकडे चालत नाही. ट्रेब्लिंका येथे आलेल्या बहुतेकांना छळण्यापुरतेही जगू दिले नाही. गाडीतून उतरल्यावर काही तासांतच त्यांना विषारी वायूने मारले. तिथे सुमारे ८ ते ९ लाख माणसे गेली. अशा ठिकाणाला ‘छळछावणी’ म्हटले की, आत राहणारे कैदी, बराकी, हजेरी असे चित्र उभे राहते आणि ते चुकीचे असते. त्यासाठी ‘मृत्युछावणी’ किंवा सरळ ‘हत्याकेंद्र’ म्हणणे योग्य. डाखाऊ आणि ट्रेब्लिंका यांना एकच शब्द वापरणारा अनुवाद वाचकाला दोन वेगळ्या गोष्टी एकच समजायला लावतो.

काही शब्द तर खोटे बोलण्यासाठीच घडवले गेले. कागदपत्रांत ‘विशेष वागणूक’ असे लिहिले की, त्याचा अर्थ ठार मारणे. ‘पूर्वेकडे स्थलांतर’ म्हणजे मरणाकडे नेणारी गाडी. २० जानेवारी १९४२ रोजी बर्लिनजवळ वान्झे येथे अधिकाऱ्यांनी ‘अंतिम तोडगा’ या नावाखाली युरोपातील ज्यूंच्या संहाराची आखणी केली. व्हिक्टर क्लेम्परर हे ज्यू कुळातले भाषापंडित त्या काळात ड्रेस्डेनमध्ये जीव मुठीत धरून राहत होते आणि राजवटीची भाषा रोजनिशीत टिपत होते. त्यावरचे त्यांचे पुस्तक १९४७ मध्ये आले. ‘धर्मवेडा’, ‘आंधळा’ असा निंदेचा अर्थ असलेले विशेषण नाझींच्या तोंडी स्तुतीचे कसे झाले, हे त्यांनी दाखवले. शब्द तोच राहिला आणि लोकांच्या नकळत त्याचे मूल्य उलटले.

या साऱ्या संहाराला नाव काय द्यावे, हाही प्रश्नच आहे. ‘होलोकॉस्ट’ या मूळ ग्रीक शब्दाचा अर्थ पूर्ण जाळून दिलेला बळी. देवाला अर्पण करण्याचा भाव त्यात असल्याने अनेक ज्यूंना तो खटकतो. ते ‘शोआ’ म्हणजे महाविनाश हा हिब्रू शब्द पसंत करतात. मराठीत कोणी ‘नरमेध’ लिहिते. त्यातही ‘मेध’ म्हणजे यज्ञातला बळीच. म्हणजे ग्रीक शब्दाचा दोष संस्कृतमार्गे परत येतो. मारणाऱ्यांनी कोणताही यज्ञ मांडला नव्हता. राफाएल लेम्किन या पोलिश-ज्यू कायदेपंडिताने १९४४ मध्ये ‘जेनोसाइड’ हा शब्द मुद्रित केला, तो यासाठी की, गुन्ह्याला नाव असल्याशिवाय कायदा करता येत नाही. चार वर्षांनी संयुक्त राष्ट्रांचा करार झाला. ‘वंशसंहार’ हा त्याचा मराठी पर्याय नेमका आहे; त्यात बळीही नाही आणि पूजाही नाही.

मग वाचकाने वही कशी ठेवावी? दोनऐवजी चार रकाने आखावेत: शब्द, कोशातला अर्थ, तो कोण कोणाला म्हणतो आणि म्हटल्यावर काय घडते. ‘यादी’ हा शब्द अधिकाऱ्याच्या तोंडी असेल तर चौथ्या रकान्यात मृत्यू येईल. शिंडलरच्या यादीपुढे तिथेच सुटका येईल. इटालियन लेखक प्रीमो लेव्ही ऑशविट्झमध्ये असताना एका अल्सेशियन कैद्याला आपल्या वाट्याचा पाव देऊन जर्मन शिकले. हुकूम न कळलेले कैदी लवकर मरत होते, असे त्यांनी नोंदवले आहे. तिथे शब्दाची किंमत भाकरीने मोजली गेली.

आपल्याकडे कडक शिक्षकाला ‘हिटलर’ आणि बारीक झालेल्या मुलाला ‘छळछावणीतून आलास का?’ म्हणण्याची सवय आहे. बोलणाऱ्याच्या मनात वाईट काही नसते. पण कोकणातले बेने इस्राएल मराठी बोलतच वाढले. हे शब्द ऐकणाऱ्या मराठी कानांत त्यांचेही कान आहेत, एवढे ध्यानात आले तरी वहीतला चौथा रकाना भरण्याचे काम सुरू झाले असे म्हणता येईल.