लाकडी ड्रायव्हर अजून बॅगेत का?

परवा गोल्फच्या मैदानावर एका काकांच्या बॅगेत पर्सिमनचा ड्रायव्हर दिसला. मानेवर गुंडाळलेला काळा दोरा अजून घट्ट. काका आता नऊच होल खेळतात, स्कोअरही लिहीत नाहीत. पण हा क्लब कुणाला द्यायचं नाव काढत नाहीत. मला ते पूर्ण पटतं.

पर्सिमन म्हणजे आपल्या तेंदूच्याच जातकुळीतलं, अमेरिकेतलं कठीण लाकूड. 1979 मध्ये टेलरमेडने पोलादी डोक्याचा ड्रायव्हर आणला आणि हळूहळू लाकूड मागे पडलं. तरी 1993 ची मास्टर्स स्पर्धा गोल्फपटू बर्नहार्ड लांगरने पर्सिमनच्याच ड्रायव्हरने जिंकली.

आजच्या ड्रायव्हरचं डोकं 460 घनसेंटिमीटरपर्यंत असतं; लाकडी त्याच्या निम्म्याहूनही लहान. नवं डोकं आतून पोकळ, त्यामुळे वजन कडेला नेता येतं आणि चेंडू जरा बाजूला लागला तरी फटका फारसा वाया जात नाही.

पर्सिमन अशी सूट देत नाही. चेंडू अगदी मध्यावर बसला तरच तो भरीव, मऊ ठोका हाताला जाणवतो. वय वाढतं, अंतर घटतं, तेव्हा अनेकांना स्कोअरपेक्षा तो ठोकाच हवासा वाटतो. अशा खेळाला मी मुळीच कमी लेखत नाही.

घरात असा क्लब असेल तर गाडीच्या डिकीत ठेवू नका. उन्हाने लाकूड आकसतं, पावसाळी दमटपणात फुगतं. दोरा सुटला असेल तर पुन्हा गुंडाळता येतो, फेकू नका.

तुमच्याकडे आहे का असा एखादा? फोटो टाका, काही विचारायचं असेल तर कमेंटमध्ये जरूर विचारा.